स्तोयानचं शेवटचं पिंप

२ एप्रिल, मंगळवार

ईस्टर पार पडलं. खाण्याची टोपली चर्चमध्ये नेली, आशीर्वाद घेऊन आणली, हॅम कणकेत गुंडाळून भाजलं. जेवायला अल्बिना होती, माझ्या नवऱ्याची, स्तोयानची थोरली बहीण. तिने तीनदा वाढून घेतलं. मला ते ओल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. म्हटलं, "कसायाने ह्या वेळी डुक्कर कुठनं आणलं कोण जाणे."

"डुक्कर नेहमीचंच आहे ग. तुझं मन ताटात नाही," ती म्हणाली.

ह्रेन, ते झणझणीत मूळ, तेवढं खरं निघालं. किसताना डोळ्यांतून पाणी आलं, नाकात झणका बसला आणि क्षणभर बरं वाटलं. अल्बिनाला वाटलं मी रडतेय. तिने पाठीवर हात ठेवला. मी ठेवू दिला.

दुपारी स्तोयानचं जॅकेट पाहिलं. तळघरात काम करताना घालायचा ते, तपकिरी, कोपरांना ठिगळं लावलेलं. नोव्हेंबरात तो गेला तेव्हा मी ते जिन्याखालच्या खोलीत टांगलं आणि दार घट्ट लावून घेतलं, आत त्याचा वास कोंडून राहावा म्हणून. रोज संध्याकाळी एकदाच दार उघडायचे, जॅकेटात तोंड खुपसायचे, पुन्हा लावायचे. मग जानेवारीत तो मोठा ताप आला, आणि तापातून उठले तर जॅकेटात काही उरलं नव्हतं. आज पुन्हा पाहिलं. नुसतं कापड. माणसाचा वास इतक्या लवकर उडतो हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आता ते दार उघडंच ठेवते. कोंडायला काही नाही.

६ एप्रिल, शनिवार

आज मोठ्या पिंपात भर घातली. लाकूड वाईन पितं, वरती हवा साचते, म्हणून दर थोड्या दिवसांनी पिंप काठोकाठ भरावं लागतं. स्तोयान हे कधी चुकवत नसे. मी जानेवारीत चुकवलं. तापात पडून होते, तळघराच्या पायऱ्या कोण उतरणार?

भर घालून झाल्यावर काचेच्या नळीने घोटभर काढून चाखली. आंबट. मग तुरट. पुढे काहीच नाही. थांबले, तोंडात घोळवली, तरी काही आलं नाही. स्तोयानची वितोव्स्का पांढऱ्या द्राक्षांची, पण सालांसकट मुरलेली असते, तिचा रंग जुन्या पितळेसारखा होतो आणि घोट गिळल्यावरही ती बराच वेळ बोलत राहते. ही बोलतच नाही.

शेजारच्या लहान पिंपातली लाल तेरानही चाखली. तीही आंबट. पण तेरान आंबटच असते, तिच्यावरून काय ठरवायचं?

सप्टेंबरात ही द्राक्षं त्याने चुरडली. अकरा नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी नवी वाईन पहिल्यांदा चाखायची, आणि तो त्याच्या आधल्या आठवड्यात गेला. म्हणजे ह्या पिंपातलं त्याने स्वतः कधी चाखलंच नाही.

१० एप्रिल, बुधवार

शाळा माझी आठवीत सुटली, वाचन सुटलं नाही. वाचनालयातून वाईनवरचं जाड पुस्तक आणलंय. दोन दिवस त्यातच आहे. लिहिलंय की गंधक न घातलेल्या वाईनला हवा लागली तर आधी तिचा सुगंध जातो, ती चपटी होते, आणि मग आंबटपणा वर येतो. सगळं जुळतंय. जानेवारीतली हवा.

एजिदी कुंपणावरून बोलला. पलीकडची द्राक्षबाग त्याची. मी विचारलं, "तू ह्या दिवसांत एक चिमूट गंधक घालशील का?"

"मी दर वर्षी घालतो. पण मी एजिदी आहे. स्तोयानच्या पिंपात घातलंस तर तो थडग्यातून उठून यायचा."

"येऊ दे की," मी म्हटलं.

तो वेलींकडे वळला. मग म्हणाला, "तशी ती लवकरच अस्वस्थ होईल बघ. वेल फुलते तेव्हा पिंपातलीही जागी होते."

"ही झोपलेली नाही, एजिदी. ही गेलीय."

त्याने चाखायला मागितली. दिली. त्याने चाखली, ग्लासात पाहिलं, पुन्हा चाखली आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही."

एजिदी चांगला माणूस आहे. माझ्या नवऱ्याची शवपेटी त्याने खांद्यावर नेली. तो दुसरं काय म्हणणार?

१५ एप्रिल, सोमवार

खाली शहरातून फूरिओ आला होता. कालव्याजवळ त्याची छोटी जागा आहे, सहा टेबलं. तिथे फक्त अशा वाइनी मिळतात ज्यांत द्राक्षाशिवाय काही नसतं. स्तोयानची वाईन त्याने पहिल्यापासून ठेवली. दोघं बसले की मला झोपायला जावं लागायचं, त्यांचं संपायचं नाही.

तळघरात उभं राहून त्याने ग्लास घेतला. एक घोट घेतला. मग ग्लास हातात तसाच धरून बाहेर अंगणात गेला आणि माझ्याकडे पाठ करून तुतीखाली उभा राहिला. मला तेव्हाच कळलं. मैत्रीखातर तोंडावर सांगता येत नव्हतं बिचाऱ्याला.

परत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "सिन्योरा, ही सगळीच्या सगळी मला द्या. एक थेंबही दुसऱ्या कुणाला नको."

"दया म्हणून घेऊ नका, फूरिओ."

"दया?" तो म्हणाला. "दया कसली?"

विचार करून सांगते म्हटलं. मित्राच्या विधवेचं पिंप विकत घ्यायचं आणि गुपचूप मोरीत ओतायचं, एवढा चांगुलपणा त्याच्यात आहे. म्हणूनच मला त्याला द्यायची नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

फूरिओने आग्रहाने बोलावलं म्हणून संध्याकाळच्या बसने खाली गेले. काळा कोट घातला. अल्बिनाही बरोबर आली, लिपस्टिक लावून. तिला शहर आवडतं.

मी पिंपातली एक बाटली भरून नेली होती, चिठ्ठी न लावता. फूरिओने ती कुणाची हे न सांगता टेबलांवर थोडी थोडी ओतली. हे माझंच म्हणणं होतं. अनोळखी माणसं खोटं बोलणार नाहीत असं मला वाटलं होतं.

आधी खाणं आलं. कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले सार्डीन मासे, भाजलेल्या पावावर घोटलेला सुका कॉड, उकडलेली जीभ. अल्बिना बोटं चाटत होती. शेजारच्या टेबलावरची जाडी बाई ताटलीतला रस्सा पावाने पुसता पुसता नवऱ्याला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, मासे असे करतात."

नवरा म्हणाला, "तूच सांग. मला अजून त्या घरात जेवायचंय."

सगळे हसले. मी मासा खाल्ला. व्हिनेगर लागलं, मीठ लागलं. मासा लागला नाही. मोठ्या शहरात सगळं शिळंच खपवतात, असं मनात आलं, पण फूरिओच्या तोंडावर कसं बोलणार?

मग वाईन. त्या नवऱ्याने ग्लासात नाक घातलं आणि तिथेच राहिला. "जर्दाळू," तो म्हणाला. "नाही. जर्दाळू वाळत घातलेलं पत्र्याचं छप्पर. आमच्या आजोळी होतं."

बायको म्हणाली, "झालं सुरू."

कोपऱ्यातला एक दाढीवाला म्हणाला, "मला ओल्या दगडी भिंतीचा वास येतोय. कुणाची आहे ही?"

फूरिओने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही, सांगू नका. शहरातली माणसं ग्लासात नाक घालून कविता म्हणतात, पैसे दिलेले असतात म्हणून. पत्र्याचं छप्पर म्हणे.

बसमध्ये अल्बिना म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? फूरिओने आधीच शिकवून ठेवलं असेल."

अल्बिनाने माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. "ओंदिना," ती म्हणाली, "सगळं जग तुझी समजूत काढायला रिकामं बसलेलं नाही."

२३ एप्रिल, मंगळवार

ठरवलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या व्हिनेगरवाल्याला फोन केला. तो बिघडलेल्या वाइनी नेतो. १३ मे, सोमवार. त्याच्या आधी अंगण मोकळं नसतं, कारण आमची ओस्मित्सा, वर्षातून थोडे दिवस अंगणात चालणारी घरची खानावळ, तीन तारखेला उघडते आणि बाराला मिटते.

अल्बिनाला सांगितलं. तिने हातातला बटाटा खाली ठेवला.

"व्हिनेगर? स्तोयानच्या वाईनचं?"

"लोक ती पितील आणि गप्प बसतील. मग घरी जाऊन म्हणतील, शेवटची काही जमली नाही त्याला. मला ते नकोय. त्यापेक्षा ती नसलेली बरी."

"आणि ती चांगली असेल तर?"

"मी तीस वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून चाखलीय, अल्बिना. तू मीठसुद्धा मोजून घालतेस."

हे बोलायला नको होतं. ती बटाटा न सोलताच घरी गेली.

३ मे, शुक्रवार

आज चौकात बाण लावला आणि त्यावर आयव्हीची डहाळी बांधली. म्हणजे आमचं अंगण उघडं आहे, ज्याला घरचं खायचं-प्यायचं आहे त्याने यावं. शिडीवर नेहमी स्तोयान चढायचा आणि मी खालून ओरडायचे, डावीकडे, अजून डावीकडे. आज मी चढले आणि एजिदी खालून ओरडला. डहाळी वाकडीच बांधली गेली. राहू दे.

मोठं पिंप ओस्मित्सात उघडायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय. लाल तेरान आणि गेल्या वर्षीची पांढरी, एवढंच. अल्बिना मदतीला आली, न बोलता. मी कापते, उकडते, ती वाढते आणि तळघरातून सुरया भरून आणते.

५ मे, रविवार

पाय सुजलेत. आज अंगणात उभं राहायला जागा नव्हती. शहरातून बसच्या बस भरून आल्या. हॅम, सलामी, चीज, लोणची, उकडलेली अंडी, सगळं संपतंय. पांढरीच्या सुरया तर टेबलावर टेकतही नाहीत. गेल्या वर्षी लोकांना तेरानच हवी असायची. लोकांच्या आवडीचं काही खरं नाही.

सकाळची कॉफी पुन्हा नुसती कडू. दुकान बदललं तरी तेच.

७ मे, मंगळवार

आज पिंपात भर घालायला गेले तर पातळी हातभर खाली. लाकूड एवढं पीत नाही. मी दिवा जवळ धरून फटी तपासल्या, जमिनीवर हात फिरवला. कोरडी. म्हणजे गळती नाही. कुणीतरी काढतंय.

किल्ली दोघींकडेच आहे. पण दार दिवसभर उघडं असतं, आणि एजिदी दहा वेळा मागून येतो-जातो. चोरून विकत असेल? शेजाऱ्यावर असा संशय घेताना लाज वाटते. तरी घेतेय.

उरलेल्या जागेत हवा शिरलीच असणार. आता पिंप गेलं ते गेलंच. तेरा तारखेची मला जणू घाई झालीय.

९ मे, गुरुवार

पकडलं. एजिदी नाही, अल्बिना.

दुपारी ती सुरया घेऊन खाली उतरली आणि मी मागोमाग गेले, चपला हातात घेऊन, स्वतःच्याच घरात. ती मोठ्या पिंपाच्या तोटीखाली सुरई धरून उभी होती. मला पाहून तिने तोटी बंदही केली नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून. गेल्या वर्षीच्या बाटल्या तशाच आहेत, मोजून बघ."

"तू त्याचं नाव घालवतेयस!"

"नाव? वर जाऊन बघ जरा! लोक ताटं पुसून तिसरी सुरई मागतायत. काल त्या पोस्टातल्या म्हाताऱ्याने विचारलं, ही पांढरी कुठली, आणि मला खोटं सांगावं लागलं. माझ्या भावाच्या वाईनबद्दल खोटं!"

"पिणाऱ्यांना काय, फुकटात गार मिळालं की—"

"फुकट नाही, पैसे देतात. आणि तुला काय वाटतं ग? एजिदी खोटा, फूरिओ खोटा, शहर खोटं, मी चोर? एकटी तूच खरी? तो फक्त तुझाच मेला का? माझा तर तो पाळण्यात असल्यापासूनचा होता."

मी तिच्या हातातली किल्ली घेतली. तिने दिली. सुरई मात्र घेऊन वर गेली, भरलेली, थेंब न सांडता.

रात्री उशिरापर्यंत तिची बाजू मनात येत राहिली. पण जीभ माझीच आहे ना? मघाशी खाली जाऊन पुन्हा चाखली. आंबट, तुरट, आणि पुढे भिंत. दुसऱ्याच्या तोंडाने मी कशी चाखणार?

११ मे, शनिवार

हे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी अंडी कमी पडली. एजिदीने टोपलीभर आणून दिली, त्याच्या कोंबड्यांची. मी मोठ्या पातेल्यात उकडायला घातली. इथे आम्ही अंडी टरफलासकटच देतो, ज्याचं त्याने सोलायचं. अंगण भरलेलं होतं. मी ओट्याशी उभी राहून ह्रेन किसत होते आणि पातेलं शेजारी उकळत होतं. मध्येच एक अंडं फुटल्याचा आवाज आला. फुटू दे म्हटलं.

थोड्या वेळाने बाहेरचा गलबला बदलला. आधी शांतता, मग कुणीतरी हसलं, मग बाकं सरकवल्याचे आवाज. खिडकीजवळचं टेबल उठून तुतीखाली जात होतं. एका बाईने पोराचं तोंड आपल्या जाकिटाआड दाबलं होतं. मी ह्रेनची थाळी घेऊन दारात आले आणि विचारलं, "काय झालं? ऊन लागतंय का?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

एजिदी रुमाल नाकाला लावून आत आला. "अग ओंदिना, घरात कोण मेलंय का—" आणि स्वतःचंच वाक्य ऐकून पांढरा पडला. "म्हणजे... अंडं ग. एक कुजलेलं गेलं वाटतं माझ्याकडून. त्या लंगड्या कोंबडीने कुठे गवतात घातलेलं असणार."

"कुजलेलं?" मी पातेल्यात पळी घातली. एक अंडं फुटून पाणी काळंहिरवं झालं होतं. मी वाकून जवळून पाहत होते, वाफ तोंडावर येत होती. "हे होय? मग एवढं काय त्यात?"

तेवढ्यात अल्बिना आली. गुरुवारपासून आम्ही बोललो नव्हतो. ती दारातच खोकली, बाही नाकाला लावली आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्यावर वाकलेली, कपाळावर एक आठी नाही. ती हसली नाही. तिने गॅस बंद केला, पातेलं उचलून मागच्या दाराने बाहेर नेऊन ओतलं आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"तुला येत नाही?"

"काय?"

"वास, ओंदिना."

मी म्हणणार होते, येतो की. मग मी श्वास घेतला. खोल. कुजलेल्या अंड्याचा वास काय असतो मला माहीत आहे, लहानपणापासून माहीत आहे. मी तो शोधला. नव्हता. मग लसूण घेतला ओट्यावरचा आणि नखाने चिरडला. काही नाही. कॉफीचा डबा उघडला. काही नाही. साबण. काही नाही.

"कधीपासून?" अल्बिनाने विचारलं.

मला सांगता येईना. मग सांगता आलं. ताप.

बाहेर लोक पुन्हा बोलायला लागले होते. कुणीतरी ओरडलं, "काकू, अंडी नकोत, पांढरी आणा!" आणि मोठा हशा झाला. अल्बिनाने हात पुढे केला. मी तिला तळघराची किल्ली दिली.

१२ मे, रविवार

ओस्मित्सा मिटली. संध्याकाळी डहाळी उतरवली. पानं अजून हिरवी होती.

अल्बिना म्हणते मंगळवारी डॉक्टरकडे जायचं. काहींचा परत येतो म्हणे, काहींचा नाही.

म्हणजे हॅम चांगलं होतं. मासे चांगले होते. पत्र्याचं छप्पर खरं होतं. तुतीखाली फूरिओ रडत होता तो वाईन चांगली होती म्हणून. माझं पुस्तक खरं होतं, फक्त त्यात वाईनबद्दल लिहिलं होतं आणि बिघडली होते मी.

आनंद व्हायला हवा. होत नाही. त्याची वाईन जिवंत आहे आणि मला ती ऐकू येत नाही. दिवसभर एकच विचार: जी मला कधी कळणारच नाही, ती ठेवून मी काय करू? उद्या व्हिनेगरवाल्याचा टँकर येणार आहे. फोन केला नाही. का केला नाही, मलाच ठाऊक नाही.

१३ मे, सोमवार

तो सकाळीच आला. लाल नाकाचा, बोलघेवडा माणूस. अंगणात टँकर लावला, नळी तळघरात ओढत नेली, पिंपाचं बूच काढलं. अल्बिना पायरीवर उभी होती, हाताची घडी घालून. तिने काही बोलावं असं मला फार वाटत होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं.

शेवटी मीच म्हटलं, "मी पुन्हा कधी चाखू शकले नाही तर?"

"तर मी चाखेन," ती म्हणाली. "आणि तुला सांगेन. मीठ मोजून घालते मी, पण नाक शाबूत आहे माझं."

"तुझ्या नाकावर विसंबून राहू?"

"नको राहूस. ती फक्त तुझ्या तोंडासाठी केली होती का त्याने?"

नळीचं टोक पिंपाच्या तोंडाशी होतं. माणूस पंप चालू करायला वळला. मी पुढे झाले आणि नळी बाजूला केली. बूच उचललं, बसवलं, लाकडी हातोडीने ठोकलं. स्तोयान ठोकायचा तसं, दोनदा हळू आणि एकदा जोरात.

"नाही द्यायची," मी म्हटलं.

"अहो बाई! एवढा घाट चढून आलो मी! डिझेल काय तुमचा सेंट मार्टिन भरणार?"

"जेवून जा," अल्बिना म्हणाली.

तुतीखाली त्याला हॅम, चीज आणि ह्रेन वाढलं. अल्बिनाने सुरई आणली. तो पहिल्या घोटापर्यंत कुरकुरत होता. मग ग्लास उजेडात धरला, मग पिंपाच्या दिशेने पाहिलं, मग माझ्याकडे. "हीच?" त्याने विचारलं.

"हीच."

"आणि ही तुम्ही मला देणार होतात. व्हिनेगरला." त्याने छातीवर क्रूस काढला आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

दुपारी फूरिओला फोन केला. सगळी त्याला, एक लहान पिंपभर आमच्यासाठी ठेवून. तो काही म्हणाला ते ऐकू आलं नाही, मागे त्याची भांडी वाजत होती.

१४ मे, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, वाट बघा. रोज काही वस्तू हुंगत जा, नाकाला आठवण करून द्या. बाकी त्यांनाही माहीत नाही.

घरी आलो. अल्बिना कोट उतरवत होती आणि मी जिन्याखालच्या खोलीपाशी थांबले. दार उघडंच होतं, ईस्टरपासून किंवा त्याच्याही आधीपासून. खिडकीतून वारा थेट आत येतो. होता नव्हता तो वास मीच उडू दिला असेन.

"अल्बिना," मी म्हटलं, "इकडे ये. एक काम आहे."

मी खिळ्यावरून जॅकेट काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिला कळलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, कॉलर उलटी केली आणि तोंड आत घातलं. मी तिच्याकडे पाहत नव्हते, भिंतीकडे पाहत होते. ती वर येईना.

"आहे?" मी विचारलं.

ती तशीच, कापडाच्या आतून म्हणाली, "आहे."

"खोटं नको सांगूस."

तिने तोंड वर केलं. नाक लाल झालं होतं. "पिंपाचा ओला वास आहे," ती म्हणाली. "आणि त्याचा तो घाणेरडा तंबाखू, मी शंभरदा सांगितलं होतं सोड म्हणून. आणि मानेपाशी, इथे, तो लहानपणी ज्वरातून उठला की यायचा ना, तसा. थोडासाच राहिलाय. पण आहे."

मी जॅकेट तिच्याकडून घेतलं. तिने लगेच सोडलं नाही. मग सोडलं.

पुन्हा खिळ्यावर टांगलं, कॉलर नीट केली आणि बाहेर येऊन दार घट्ट लावून घेतलं. खालच्या फटीत फडकं कोंबलं.

अल्बिनाला सांगितलंय, रविवारी जेवायला आलीस की आधी ते दार उघडायचं, एकदाच. मग मला सांगायचं. मग जेवायचं.